माय-एसक्यूएल ते पोस्टग्रेस सिंक, टप्पा 3: कॅस्केडने पुसलेल्या ओळी

मांडणी मागचीच आहे. दोन डेटाबेस: लिहिणं फक्त माय-एसक्यूएल 8.0 मध्ये, वाचणं पोस्टग्रेस 16 मध्ये आणि मधे बिनलॉग (माय-एसक्यूएलची बदलांची नोंदवही) वाचून बदल उतरवणारी पायथन स्क्रिप्ट. दोन्ही बाजूंनी लिहायची मुभा इतक्यात देऊ नये, आधी एका दिशेची वाट पक्की व्हायला हवी.

'अपडेटेड ॲट' कॉलम बघून दर मिनिटाला बदल उचलायची पद्धत कायमची काढली. पुसलेली ओळ तिला दिसतच नाही. शिवाय ट्रान्झॅक्शनने (एकत्रच पक्क्या होणाऱ्या बदलांचा गट) 10:00 ला ओळ बदलली आणि 10:03 ला कमिट केलं, म्हणजे बदल पक्का केला, तर ओळीवर वेळ 10:00 चीच राहते. 10:02 पर्यंतचं वाचून पुढे गेलेली स्क्रिप्ट त्या ओळीकडे परत फिरकत नाही.

बिनलॉगचा फॉरमॅट 'रो' (बदल ओळीगणिक नोंदणारा) आणि रो इमेज 'फुल' (नोंदीत अख्खी ओळ) हवी; 8.0 मध्ये दोन्ही मुळातच तशी असतात. जीटीआयडी (प्रत्येक ट्रान्झॅक्शनचा स्वतंत्र क्रमांक) चालू करावा आणि स्क्रिप्टला कुणाशीही न जुळणारा सर्व्हर आयडी द्यावा. बिनलॉग टिकण्याची मुदत मुळात 2592000 सेकंद, म्हणजे 30 दिवस. डिस्क वाचवायला ती एका दिवसावर आणली आणि स्क्रिप्ट दोन दिवस बंद पडली, तर सगळी भरणी पहिल्यापासून. कुठवर वाचलं तो जीटीआयडी वेगळ्या फाइलमध्ये ठेवू नका. पोस्टग्रेसमध्येच एका टेबलात, डेटाच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा. मग मधेच वीज गेली तरी डेटा आणि खूण कायम एकाच जागी असतात.

आता या टप्प्यातली खरी अडचण. पालक टेबलातली संख्या तंतोतंत जुळत होती, बाल टेबलात (ज्याच्या ओळी फॉरेन कीने, म्हणजे संदर्भाच्या कॉलमने, पालकाला जोडलेल्या असतात) मात्र पोस्टग्रेसकडे जास्त ओळी होत्या. कारण असं: 8.0 मध्ये फॉरेन कीचा 'ऑन डिलीट कॅस्केड' (पालक पुसला की बाल ओळीही पुसणं) माय-एसक्यूएलचं साठवणीचं इंजिन इनोडीबी आतल्या आत उरकतं आणि बिनलॉगमध्ये फक्त पालक ओळ पुसल्याची नोंद येते. 'सेट नल'चंही (बाल ओळीतला संदर्भ रिकामा करणं) तसंच. म्हणजे तीच फॉरेन की पोस्टग्रेसमध्येही हवी. ती होती, तरी ओळी उरत होत्या! दोष 'सेशन रेप्लिकेशन रोल' या सेटिंगचा. माय-एसक्यूएलच्या ट्रिगरने (ओळ बदलली की आपोआप चालणारा कोड) केलेले बदल रो फॉरमॅटमध्ये आधीच नोंदलेले असतात. पोस्टग्रेसमधल्या ट्रिगरने ते दुप्पट होऊ नयेत म्हणून हे सेटिंग 'रेप्लिका' केलं होतं. पण पोस्टग्रेसमध्ये फॉरेन कीसुद्धा आतून ट्रिगरवरच चालते, त्यामुळे कॅस्केडही बंद पडला. उपाय: सेटिंग पुन्हा 'ओरिजिन' करायचं आणि प्रत्येक टेबलावर 'ऑल्टर टेबल'ने 'डिसेबल ट्रिगर यूजर' लावायचं. आपले ट्रिगर थांबतात, फॉरेन कीचे चालू राहतात. मात्र फॉरेन कीची तपासणीही आता चालू असते, म्हणून ट्रान्झॅक्शन बिनलॉगच्या क्रमानेच उतरवावी लागतात. टेबलागणिक समांतर धागे (थ्रेड) चालवणाऱ्यांनी इथे जपावं.

आधीच अनाथ झालेल्या, म्हणजे पालक नसलेल्या, ओळी याने जात नाहीत. पालकाशी लेफ्ट जॉइन करून शोधायच्या, पुसायच्या आणि मग फॉरेन की काढून नव्याने लावायची, म्हणजे जुन्या ओळीही तपासल्या जातात.

डेटाटाइपचं थोडक्यात: अनसाइन्ड बिगइंट न्युमेरिक 20 मध्ये, टाइमस्टॅम्प टाइमझोनसह, डेटटाइम टाइमझोनशिवाय. शून्य तारीख पोस्टग्रेस घेत नाही, नल करावी. मजकुरातला शून्य बाइटही चालत नाही, तो आधीच गाळावा.

पडताळणी आयडीनुसार 10,000 ओळींच्या तुकड्यांत: ओळींची संख्या आणि एमडी5 (मजकुरावरून काढलेला ठसा). चालत्या डेटाबेसवर ती थेट लावली की खोटे फरक दिसतात. म्हणून माय-एसक्यूएलमध्ये लिहिणं थांबवून एक खुणेची ओळ टाकायची आणि ती पोस्टग्रेसमध्ये उमटली की मगच दोन्हीकडचे एमडी5 काढायचे.