रात्री साडेनऊला बहिरा होणारा टॉवर

जुळे सोलापुरातल्या एका मोबाइल टॉवरचा एक सेक्टर, म्हणजे एका दिशेला तोंड असलेला भाग, रोज रात्री साडेनऊच्या सुमारास बहिरा व्हायचा. ग्राहकांच्या मोबाइलवर दांड्या पूर्ण, कारण टॉवरकडून येणारा सिग्नल ठणठणीत. पण त्यांचं बोलणं टॉवरपर्यंत पोचायचंच नाही. त्या भागात एक प्रसूतिगृह होतं. रात्रपाळीची सिस्टर फोन लावते, फोन लागतो, पण तिचा एक शब्द धड ऐकू येत नाही, अशी तिथल्या डॉक्टरांची लेखी तक्रार आली आणि मला पुण्याहून धाडलं गेलं. थ्रीजी यायच्या आधीची ही गोष्ट. मी तेव्हा एका मोबाइल कंपनीत आरएफ (रेडिओ लहरींचं काम बघणारी) इंजिनिअर होते.

जीएसएम ९०० या टूजी पद्धतीत मोबाइल टॉवरशी ८९० ते ९१५ मेगाहर्ट्‌झमध्ये बोलतो आणि टॉवर मोबाइलशी ९३५ ते ९६० मध्ये. एक चॅनेल २०० किलोहर्ट्‌झचा. रिकाम्या टाइमस्लॉटवर (कॉलना वाटून दिलेल्या वेळेच्या तुकड्यांवर) किती गोंगाट आहे ते टॉवर सतत मोजतो आणि १ (सर्वांत शांत) ते ५ (सर्वाधिक गोंगाट) अशा बँडमध्ये टाकतो. या सेक्टरचे आकडे दिवसा बहुतेक वेळ बँड १ मध्ये असायचे आणि रात्री थेट ४-५ मध्ये. तेही एकाच चॅनेलचे नाही, शेजारशेजारच्या सात-आठ चॅनेलचे एकदम. आमचे कॉल सेकंदाला २१७ वेळा चॅनेल बदलत होते, पण उडी जिथे पडायची तिथेही तोच गोंगाट असेल तर त्याचा काय उपयोग?

ऑफिसात दोन तर्क होते: टीव्हीच्या अँटेनाचा बिघडलेला बूस्टर, नाहीतर कुणीतरी दुकानात बसवलेला मोबाइल बूस्टर. एकाने पॉवरलूमचंही नाव घेतलं, पण माग सगळे पूर्व भागात, शहराच्या दुसऱ्या टोकाला. बूस्टर मात्र चोवीस तास चालू असतो. तो घड्याळ बघून का त्रास देईल? मला ते पटेना.

आमचा रिगर, म्हणजे टॉवरवर चढून काम करणारा, सोलापूरचाच. आकड्यांचा कागद त्याने थोडा वेळ न्याहाळला आणि म्हणाला, "मॅडम, रोज रात्री साडेनऊ अन् रविवारी सकाळी आठ. ही तर अमेरिकेतल्या पोरांच्या फोनची वेळ की! आमच्या घरमालकाचं बी असंच हाय." रात्री साडेनऊ म्हणजे न्यू जर्सीत भर दुपार, जेवणाची सुट्टी. रविवार सकाळ म्हणजे तिकडची शनिवार रात्र. इतका नेमका धागा मला कुठल्याही सॉफ्टवेअरने दिला नव्हता.

रात्री जीप सेक्टरच्या मध्यावर उभी केली. हातात यागी, म्हणजे एकाच दिशेने ऐकणारा अँटेना, बॉनेटवर फ्रीक्वेन्सीनुसार सिग्नलचा जोर पडद्यावर दाखवणारा मीटर, म्हणजे स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर, मध्ये फिल्टर. नाहीतर आमच्याच टॉवरचा ९३५ च्या पुढचा जोरदार सिग्नल मीटरला आंधळं करतो. घुसखोर शोधताना आम्ही सवयीने मॅक्स होल्ड (प्रत्येक जागचा सर्वांत मोठा आकडा पडद्यावर धरून ठेवणारी सोय) लावतो आणि सुळका शोधतो. पण सुळका नव्हताच. आजूबाजूच्या मोबाइलचे क्षणिक फटकारे मात्र एकावर एक साचत गेले आणि पडदा भरून गेला. मग मॅक्स होल्ड काढून सरासरी दाखवणारं अ‍ॅव्हरेजिंग लावलं. फटकारे विरले आणि खालून एक रुंद, बसकी टेकडी वर आली. ९०५ च्या आसपास, रुंदी दीड मेगाहर्ट्‌झ. असा आकार अपघाताने तयार होत नाही, तो कुणीतरी मुद्दाम बनवलेला असतो.

हा डायरेक्ट सिक्वेन्स स्प्रेड स्पेक्ट्रम. आवाजाच्या प्रत्येक बिटाला एका वेगवान कोडने गुणलं की तोच सिग्नल कित्येक पट रुंद जागेत पातळ पसरतो. तांब्याभर पाणी एका जागी ओतलं तर डबकं दिसतं. त्याच पाण्याचा सडा घातला तर जमीन नुसती ओलसर दिसते. ज्याच्याकडे तोच कोड आहे तो रिसीव्हर सगळं पुन्हा गोळा करतो, आणि वाटेत घुसलेला परका सिग्नल त्याच क्रियेत पसरून क्षीण होतो. बाकीच्यांना फक्त वाढलेला गोंगाट दिसतो. याच गुणामुळे तो आम्हाला इतके दिवस सापडत नव्हता.

यागी फिरवत, जिकडे टेकडी उंच होईल तिकडे चालत, आम्ही एका बंगल्याशी पोचलो. काका गिरणीतून इलेक्ट्रिकल सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. हॉलमध्ये काकू झोपाळ्यावर बसून लेकीशी बोलत होत्या. फोनचा बेस कोपऱ्यात होता आणि शेजारी २३० चे ११० व्होल्ट करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता. तो पाहिला आणि फोन अमेरिकेचाच अशी माझी खात्री पटली. हँडसेटवर चंदेरी अक्षरांत छापलेलं: ९०० मेगाहर्ट्‌झ डिजिटल स्प्रेड स्पेक्ट्रम.

फोन संपल्यावर काकांनाच मीटरसमोर बसवलं. ते 'टॉक'चं बटण दाबत, टेकडी उठे. बंद करत, टेकडी खाली. त्यांनी ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं आणि कोड कोण ठरवतं, हँडसेटला तो कसा कळतो, हे सगळं विचारून घेतलं. अशा माणसाला समजावताना थकवा येत नाही.

काकू मात्र हिरमुसल्या. "अगं, आमच्या जुन्या कॉर्डलेसवरचं बोलणं शेजारच्यांच्या फोनवर ऐकू जायचं. म्हणून तर लेकीने हा पाठवला. यात आमचं काय चुकलं?"

काहीच चुकलं नव्हतं. अमेरिकेत १९८५ साली एफसीसीने (तिथल्या दूरसंचार नियामकाने) ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा स्प्रेड स्पेक्ट्रमसाठी विनापरवाना खुला केला. तिकडे हा फोन पूर्ण कायदेशीर. आपल्याकडे त्यातला ९०२ ते ९१५ हा तुकडा मोबाइलने टॉवरशी बोलायचा. बेसखालच्या लेबलवर 'घातक व्यत्यय आणू नये' असं छापलेलंही होतं, पण ते तिकडच्या नियमाचं वाक्य. सोलापुरात कुणाला व्यत्यय होईल हे तो बनवणाऱ्याने कशाला बघावं? मला राग आला तो या व्यवस्थेचा. सूटकेसमधून असा फोन सहज देशात येतो, विमानतळावर कुणी पट्टा विचारत नाही, आणि शेवटी एका आईला दारात जाऊन सांगावं लागतं की लेकीने दिलेला फोन बंद करा.

प्रसूतिगृहाचं सांगितल्यावर काकूंनी स्वतःच प्लग काढला. त्यांना हवा होता तो गुण २.४ गिगाहर्ट्‌झच्या स्प्रेड स्पेक्ट्रम संचांतही मिळतो, आणि तो पट्टा आपल्याकडे २००५ पासून खुला आहे. मी तसं कागदावर लिहून दिलं. काकांनी त्याखाली 'अ‍ॅडॉप्टर २३० व्होल्टचा' अशी भर घातली.

दुसऱ्या रात्री साडेनऊला सेक्टर बँड १ वर होता. मी रिपोर्टमध्ये रिगरचा तर्क त्याच्या नावानिशी लिहिला आणि अ‍ॅव्हरेजिंगचा ट्रेस जोडला. पुढे नाशिकच्या एका सहकाऱ्याचा फोन आला. सात चॅनेल एकदम चढतायत, तेही रविवारी सकाळी, आणि मीटरवर काहीच सापडत नाही. मी त्याला आधी विचारलं, "मॅक्स होल्ड लावलाय का?"