कोथरूड ठाण्यात कसं गेलं

सोमवारी सकाळी चहा घेऊन बसले आणि तपासायची यादी उघडली. पहिलीच नोंद : 'कोथरूड ठाण्यात आहे.' त्याखाली हडपसर ठाण्यात, मिरज ठाण्यात, सीताबर्डीसुद्धा ठाण्यात. प्रोग्राम शनिवार-रविवार चालू राहिला होता आणि दोन दिवसांत अर्धा महाराष्ट्र त्याने ठाण्यात नेऊन टाकला होता. वर प्रत्येक नोंदीपुढे खात्री 'उच्च'.

इंटरनेटवरचा मजकूर वाचून प्रोग्राम जे काही 'शिकतो' ते बरोबर की चूक, हे बघायला मला, म्हणजे एका मराठीच्या एमएला, ठेवलेलं आहे. आम्ही त्याला आधी थोड्या जोड्या देतो : दादर-मुंबई, नौपाडा-ठाणे. बातम्यांत या दोन नावांच्या मधे कोणते शब्द येतात ते तो टिपतो आणि तसेच शब्द दुसरीकडे सापडले की तिथली जोडी उचलतो. जोड्यांवरून नव्या रचना, रचनांवरून नव्या जोड्या. सांगताना सगळे म्हणतात की याला शिकवायला माणूस लागत नाही.

मूळ वाक्यं काढून बघितली, तर सगळीकडे गुन्हेच गुन्हे. 'कोथरूड पोलीस ठाण्यात तक्रार दाखल.' खरा घोटाळा मात्र नौपाड्याने केला होता. नौपाडा ठाण्यातच, आणि बातम्यांत 'नौपाडा पोलीस ठाण्यात' हे शब्द हमखास. मधे 'पोलीस' आला की पहिली जागा दुसऱ्या जागेत असते, असं त्याने ठरवून टाकलं. 'ठाण्यात'चं 'ठाणे' करायचा नियम माझाच, त्यामुळे फार हसताही येईना. (याच नियमांनी पूर्वी अकोल्यातला 'ला' प्रत्यय समजून कापला होता आणि 'अको' नावाचं गाव वसवलं होतं.)

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटाने २०१० च्या जानेवारीत 'नेल' नावाचा असाच अखंड वाचणारा प्रोग्राम सुरू केला. त्याने इंटरनेटच्या कुकीज बेकरीच्या मालात घातल्या. लोक कुकीज डिलीट करतात, फाइलीही डिलीट करतात, म्हणून मग फाइलीही बेकरीत गेल्या. हा किस्सा मी नव्या मुलांना मोठ्या चवीने सांगायचे.

शेजारच्या टेबलावरचा डोंबिवलीकर मात्र खूश. म्हणाला, "२०१४ साली आमच्यातून पालघर तोडलंत ना, घ्या आता!" मग त्यानेच उपाय काढला : एक भाग एकाच शहरात असू शकतो, असं बंधन घालू. मी म्हटलं, "आणि शिवाजीनगर? पुण्यातलं ठेवू की मुंबईतलं?" तो गप्प झाला. शेवटी 'पोलीस'वाली रचना हातानेच बाद केली, तिच्यातून जन्मलेल्या सगळ्या जोड्या फेकल्या आणि रात्री प्रोग्राम पुन्हा सोडला.

मंगळवारी कोथरूड पुण्यात परतलं होतं. यादीत खाली एक नवी नोंद होती : 'ठाणे अंमलदार. व्यक्ती. राहणार ठाणे.'