आमचा अकरा जणांचा मॅस्टोडॉन सर्व्हर

2019 च्या ऑक्टोबरात वकील संजय हेगडे यांचं ट्विटर अकाउंट सस्पेंड झालं आणि नोव्हेंबरात बरेच भारतीय लोक मॅस्टोडॉनवर गेले, म्हणजे ट्विटरसारखंच, पण एका कंपनीचं नाही, कुणीही आपला सर्व्हर चालवावा आणि तो बाकीच्यांशी जोडावा असं, त्यात मीपण होतो, दहा दिवस टिकलो आणि गुपचूप परत आलो. मग 2022 च्या ऑक्टोबरात मस्कनी ट्विटर घेतलं आणि परत तीच पळापळ, पण या वेळी डोक्यात किडा वळवळला की भाड्याच्या घरात कशाला, आपलंच बांधू. ट्रेकच्या ग्रुपमधले सात, ऑफिसमधले दोघं, माझी सांगलीची आत्या आणि मी, असे अकरा जण.

पहिली चूक डोमेनची. रात्री एक वाजता ट्रेक ग्रुपमधल्या एका फालतू जोकवरून नाव घेतलं, स्वस्त होतं म्हणून लगेच पैसे भरले. मॅस्टोडॉनमध्ये डोमेन एकदा दिलं की दिलं, ते प्रत्येकाच्या पत्त्याचा भाग असतं, नंतर बदलायचं म्हणजे सगळ्यांनी नव्याने सुरुवात करायची. आत्याला आजही तो पत्ता फोनवर कुणाला सांगायची लाज वाटते. त्यात युजरनेम फक्त इंग्रजी अक्षरातच चालतं, मराठी नाव वरच्या डिस्प्ले नेममध्ये टाकायचं.

इन्स्टॉल करायला दोन वीकेंड गेले. व्हीपीएस, म्हणजे इंटरनेटवरचा भाड्याचा सर्व्हर, घेतला दोन जीबी रॅमचा आणि चाळीस जीबी डिस्कचा. मॅस्टोडॉन म्हणजे एक प्रोग्रॅम नाही, मुख्य भाग रेल्सवरचा, डेटाबेस सांभाळणारा पोस्टग्रेस आहे, तात्पुरतं लक्षात ठेवणारा रेडिस आहे, मागची कामं करणारा साइडकिक आहे, पुढे दारात एनजिनएक्स, म्हणजे दोन जीबीत सगळे दाटीवाटीनं बसतात, गणपतीत गावाकडच्या घरात झोपतात तसे. असेट्स, म्हणजे वेबपानाच्या फाइली, कंपाइल करायच्या पायरीला तर दर वेळी स्क्रीनवर नुसतं 'किल्ड' यायचं, बाकी एक शब्द नाही. मी तीनदा पहिल्यापासून सगळं केलं, मग कळलं रॅम संपतेय, दोन जीबी स्वॅप दिला, म्हणजे डिस्कचा तुकडा रॅमसारखा वापरायला दिला, आणि पाच मिनिटांत झालं. मेलचं वेगळंच, होस्टिंगवाल्यानी मेल पाठवायचा पंचवीस नंबरचा पोर्ट बंदच ठेवलेला, त्यामुळे कन्फर्मेशनचे मेल जाईनात, शेवटी मेल पाठवणारी वेगळी सर्व्हिस जोडली आणि एसपीएफ, डीकेआयएम, म्हणजे मेल खरंच आमच्याकडून आलाय हे पटवणाऱ्या खुणा, लावलं तरी पहिला महिना सगळ्यांना "स्पॅममध्ये बघ रे" हेच सांगत होतो.

सुरू झालं आणि टाइमलाइन रिकामी. हे आधी कुणी सांगत नाही. तुमच्या सर्व्हरवरचं कुणीतरी बाहेरच्या माणसाला फॉलो करतं तेव्हा त्याच्या पोस्टी तुमच्याकडे यायला लागतात, आपोआप काही येत नाही. अकरा जण एकमेकांना फॉलो करून बसलेले, म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुपच झाला की. एकटी आत्या मात्र झाडांच्या हॅशटॅगमधून शोधत शोधत जर्मनीतल्या एका बागकामवाल्यापर्यंत पोचली. तो तिच्या शेवंतीबद्दल काहीतरी विचारायचा, ही मराठीत उत्तर द्यायची. भाषांतराचं बटण सर्व्हरवाल्याला वेगळं जोडून द्यावं लागतं आणि माझ्याकडे रॅम नाही, त्यामुळे मला फोन, "हा काय म्हणतोय रे?"

तर रिकाम्या टाइमलाइनचा उपाय म्हणून मी 2023 च्या जूनमध्ये एक रिले जोडला. रिले म्हणजे बऱ्याच सर्व्हरांच्या सगळ्या पब्लिक पोस्टी एकमेकांकडे ढकलणारा मधला माणूस. टाइमलाइन धो धो वाहायला लागली, मी खूश. तीन आठवड्यांनी रात्री साडेअकराला आत्याचा फोन, ब्रह्मकमळ फुललंय, फोटो जाईना, चाक नुसतं फिरतंय. ब्रह्मकमळ सकाळपर्यंत थांबत नाही, हे मला तिनी तीनदा सांगितलं. लॉगिन करून बघतो तर डिस्क शंभर टक्के. रिलेवरून येणाऱ्या प्रत्येक पोस्टीचा फोटो, प्रत्येक अनोळखी माणसाचा अवतार, म्हणजे प्रोफाइल फोटो, सगळ्याची कॉपी माझा सर्व्हर इमानदारीत उतरवून घेत होता, कुणी बघो न बघो. जागा नाही म्हणून पोस्टग्रेस बंद पडलेला, आणि डेटाबेस बंद तर मॅस्टोडॉनची साफसफाईची कमांड पण चालत नाही, कारण काय पुसायचं ते डेटाबेसला विचारूनच ठरतं! मग जुने सिस्टिम लॉग उडवले, साधारण एक जीबी मोकळी झाली, पोस्टग्रेस उठला, मग ती साफसफाईची कमांड, टूटसीटीएल मीडिया रिमूव्ह, चालवली. रिले काढला आणि सेटिंगमध्ये बाहेरचा मीडिया सात दिवसांनी पुसायचं घातलं, जे पहिल्या दिवशी घालायचं असतं. पावणेदोनला फोटो चढला. आत्या जागीच होती.

त्याच वर्षी जुलैत मॅस्टोडॉनचं 4.1.3 व्हर्जन आलं, खास तयार केलेली मीडिया फाइल पाठवून कुणीही सर्व्हरवर हव्या त्या जागी फाइल लिहू शकेल असं भोक बुजवणारं. ते मी त्याच रात्री टाकलं, एवढं एक काम वेळेवर केल्याचं आठवतंय.

कारण पुढचं नाही केलं. रजिस्ट्रेशन मी सगळ्यांना उघडं ठेवलेलं, म्हणलं येईल कुणी मराठी माणूस. 2024 च्या फेब्रुवारीत फेडिव्हर्सवर, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या अशा सगळ्या सर्व्हरांवर, स्पॅमची मोठी लाट आली आणि ती नेमकी अशाच छोट्या, दार उघडं टाकून मालक गायब असलेल्या सर्व्हरांवरून. मालक शनिवार-रविवार हरिश्चंद्रगडावर, रेंज शून्य. रविवारी संध्याकाळी पाचनईत उतरलो, फोन थरथरायचा थांबेना. काहीच्या काही अक्षरांची नावं असलेली साठेक अकाउंट, जपानी मजकूर, दिसेल त्याला टॅग. टेम्पो ट्रॅव्हलरच्या मागच्या सीटवर बसून घाटात एकेक सस्पेंड करत होतो, नेट येतंय जातंय. नंतर 4.2.8 मध्ये आलं की आठवडाभर कुणी मॉडरेटर फिरकला नाही तर उघडं रजिस्ट्रेशन आपोआप मंजुरीवर जातं, म्हणजे मालकानी हो म्हटल्याशिवाय नवीन अकाउंट सुरू होत नाही. ज्यानी हे केलं त्याला माझ्यासारखे भरपूर भेटले असणार.

मला वाटलं संपलं. दोन आठवड्यांनी आत्या म्हणाली, "तो जर्मन बोलत नाही रे आता, रागावला का?" बघितलं तर त्याच्या सर्व्हरनी आमचं डोमेनच ब्लॉक केलेलं. आपल्याला कुणी ब्लॉक केलं हे आपल्याकडे कुठे दिसत नाही, पोस्टी जातायत असंच वाटत राहतं. आत्या पंधरा दिवस भिंतीशी बोलत होती. तिथल्या ॲडमिनला मेल लिहिला, काय झालं, किती अकाउंट काढली, रजिस्ट्रेशन आता मंजुरीवर आहे, सगळं. चार दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं, ब्लॉक काढलाय. पण ब्लॉकमध्ये तुटलेले फॉलो परत जुळत नाहीत, दोघांनी एकमेकांना नव्याने करावे लागतात.

आत्यानी लगेच केलं. त्यानी केलं नाही, त्याला बहुतेक कळलंच नव्हतं. मग तिनी त्याला टॅग करून शेवंतीचा फोटो टाकला आणि खाली मराठीत लिहिलं, "मी आहे इथेच." मला फोन आला, "हे त्याच्या भाषेत लिहून दे."