उसव की!

रविवार, रात्री

स्वेटरची पाठ आणि पुढचा भाग आज पलंगावर शेजारी शेजारी पसरले आणि बराच वेळ नुसती बघत बसले. पाच आठवडे रोज संध्याकाळी थोडं थोडं विणत होते. जरा ऐसपैस होतंय असं मधूनमधून वाटायचं, पण सुईवर दाटीवाटीने बसलेल्या टाक्यांकडे बघून रुंदी कळत नाही. आणि खरं सांगायचं तर मला ती कळून घ्यायचीच नव्हती. आज टेप लावली. ५० सेंटिमीटर हवे होते तिथे ६१. दोन्ही भाग जोडले की घेर १०० च्या जागी १२२. त्यात मी मावेन आणि वर एक उशीही मावेल.

गणित पाचवीतलं आहे. नमुन्यात लिहिलं होतं, ४ मिलिमीटरच्या सुया, १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके, एकूण ११० टाके घाला. माझ्या हाताशी साडेचारच्या सुया होत्या. अर्ध्या मिलिमीटरने काय आभाळ कोसळतंय! त्यात माझा हात मुळातच सैल, त्यामुळे १० सेंटिमीटरमध्ये बसले १८ च टाके. ‘आधी एक चौकोन विणून टाके मोजा’ ही सूचना अगदी वरच, ठळक अक्षरांत होती. नवीन यंत्र घरी आल्यावर त्याच्या माहितीपत्रकाचं पहिलं पान वाचतात, तशी मी ती वाचली होती.

आत्याला फोन लावला. सगळं रामायण ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग उसव की!”

“अगं आत्या, पाच आठवडे...”

“लोकर कुठे पळून चाललीय? उसव.”

दोन्ही भाग घडी घालून कपाटात सगळ्यात खाली ठेवून दिले.

बुधवार

सुयांकडे बघायचीही इच्छा नाही. म्हणून क्रोशाची सुई काढली. एकच सुई, तिच्या टोकाला आकडा, आणि एका वेळी सांभाळायचा तो एकच टाका. रुसलेल्या माणसाला क्रोशे बरं. दोन सुयांच्या विणकामात शंभर-दीडशे टाके सगळे एकदम उघडे असतात, कुठलाही कधीही घसरेल. क्रोशात बाकीचे सगळे आपापल्या जागी गाठ मारून बसलेले. काम कुठेही टाकून उठता येतं.

गोल चकती करायला घेतली. मधे सरकती कडी, तिच्यात सहा मुके खांब, म्हणजे क्रोशाचे बुटके टाके. दुसऱ्या फेरीत प्रत्येकात दोन, म्हणजे १२. मग १८, २४, ३०. दर फेरीला सहाच वाढवायचे. हे सहा आले कुठून, असा प्रश्न इतक्या वर्षांत मला पडला नव्हता. आज रिकामटेकडी होते म्हणून पडला. मुका खांब जेवढा रुंद, साधारण तेवढाच उंच. एक फेरी वाढली की वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याने वाढते, आणि परीघ वाढतो दोन पाय (π) पट, म्हणजे सव्वासहा टाक्यांनी. ते सहा हेच! खांब उंचीला मुक्या खांबाच्या साधारण दुप्पट, म्हणून खांबांच्या चकतीत दर फेरीला १२ वाढवतात. आत्याला हे गणित ठाऊक नसणार. पण सहाऐवजी पाच घातले की चकतीची वाटी होते आणि सात-आठ घातले की कडेला झालर येते, हे तिला झोपेतसुद्धा माहीत आहे.

(जाता जाता: ‘मुका खांब’ हे नाव ज्या कुणी ठेवलं तिला दंडवत. इंग्रजी नमुन्यांत अमेरिकेतला ‘सिंगल क्रोशे’ म्हणजे ब्रिटनमधला ‘डबल क्रोशे’. नमुना कुठला आहे हे आधी बघितलं नाही, की टोपी करायला घेऊन मोजा हातात येतो.)

शुक्रवार

झालर मुद्दाम केली.

प्रत्येक टाक्यात दोन घालायला लागले तर सहाचे १२, २४, ४८, ९६. आठव्या फेरीला ७६८ टाके होतात. मी सहाव्या फेरीच्या मध्यावर थांबले, बोट दुखायला लागलं. मग जरा शहाणपणाने घेतलं: दोन टाके साधे, तिसऱ्यात दोन. १२, १६, २१, २८, ३७, ४९ असं चढत जातं. पाचव्या-सहाव्या फेरीला कड लाटांसारखी वरखाली व्हायला लागते, आणि पुढे ती टेबलावर सपाट बसायलाच तयार होत नाही. दाबली की दुसरीकडून उठते.

या झालरीला गणितात मोठा मान आहे. डायना टाइमिना या लॅटव्हियन गणितज्ञ अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात भूमिती शिकवत. हायपरबोलिक प्रतल, म्हणजे सगळीकडे घोड्याच्या खोगिरासारखा वाकलेला पृष्ठभाग, विद्यार्थ्यांच्या हातात द्यायला तेव्हा कागदाच्या पट्ट्या चिकटवून केलेले नमुने होते, आणि ते फाटत. १९९७ मध्ये त्यांनी तो क्रोशाने केला. आधी दोन सुयांवर करून बघितला होता, पण टाके इतक्या वेगाने वाढत गेले की सुयांवर सांभाळता येईनात. हे वाचून मला कपाटातल्या स्वेटरची आठवण येऊन उगाचच बरं वाटलं.

त्यांची युक्ती मीही करून बघितली. झालर सरळ दुमडली की दुमड पडते ती त्या पृष्ठभागावरची सरळ रेघ. तिच्यावर लाल धागा घातला. मग रेघेच्या बाहेर एक टाका निवडून त्याच्यातून दुसरी दुमड घातली, पिवळा धागा. मग तिसरी, हिरवा. पिवळी आणि हिरवी त्या एका टाक्यात एकमेकींना छेदतात आणि तरीही दोघींपैकी एकही लालला कुठेच भेटत नाही. दिलेल्या बिंदूतून दिलेल्या रेषेला एकच समांतर रेषा काढता येते, हे शाळेत पाठ केलं होतं. झालर उलटीपालटी करून दहा वेळा बघितली. नाहीच भेटत.

मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या जुळ्या बहिणींनी २००५ मध्ये याच झालरींतून प्रवाळाचं अख्खं क्रोशे-बेट करायला घेतलं. कुठे नियम मोडून टाके वाढवायचे, कुठे तीनऐवजी पाचात एक, कुठे धागा बदलायचा, असं करत शेवाळं, प्रवाळ, समुद्री गोगलगाई. पुढे देशोदेशींच्या हजारो बायकांनी त्यात भर घातली. खऱ्या प्रवाळाची कडही पुष्कळदा अशीच, हायपरबोलिक असते. त्याला अर्थात कुणी टाके मोजून दिलेले नाहीत.

माझी झालर भाच्याने डोक्यावर घातली. म्हणाला, “मावशी, ही टोपी बिघडली का?”

रविवार

एक जुना प्रश्न आज आठवला. यंत्रावरचं विणकाम किती जुनं? विल्यम ली नावाच्या इंग्रज पाद्र्याने मोजे विणणारं यंत्र १५८९ मध्येच केलं होतं. दोन सुयांच्या विणकामाची नक्कल यंत्राला इतक्या आधी जमली. क्रोशाची मात्र कारखान्यात अजून जमलेली नाही, कारण प्रत्येक टाक्याला सुई आधीच्या विणीत नेमकी जागा शोधून खुपसावी लागते. म्हणजे क्रोशाची कुठलीही वस्तू दिसली, अगदी स्वस्तातली, तरी ती कुणाच्या तरी हातांनी, टाक्यामागून टाका अशीच झालेली. हे कळल्यापासून मला क्रोशाच्या स्वस्त पिशव्या बघवत नाहीत.

मंगळवार, उशिरा

काढलं. कपाटातून पाठ बाहेर काढली आणि शेवटी बंद केलेल्या टाक्यांची गाठ शोधत बसले. विणकाम शेवटाकडूनच उसवतं. सुरुवातीच्या कडेकडून ओढलं तर दर टाक्याला अडतं. ही गाठ मी स्वतःच इतकी लपवून घातली होती की सापडायला वीस मिनिटं लागली. मग एकदा ओढलं, आणि एक अख्खी सुई, म्हणजे टाक्यांची एक ओळ, टकटकटक करत निघून गेली. दुसरी. तिसरी.

मला वाटलं होतं वाईट वाटेल. पहिल्या दोन-तीन सुयांना वाटलंही. नंतर नुसती गंमत. मधे एका जागी वीण अचानक घट्ट होती, दहा-बारा सुया. ती कुठली संध्याकाळ ते लगेच आठवलं. दवाखान्यातल्या रिपोर्टची वाट बघत होतो आम्ही. रिपोर्ट चांगला आला. तिथून पुढे हात पुन्हा सैल, नेहमीपेक्षाही सैल. ‘नात्यांची वीण’, ‘आठवणींची वीण’ हे शब्दप्रयोग वाचले की मी पान उलटते. पण लोकरीत त्या दहा-बारा सुया होत्या खऱ्या.

उसवलेली लोकर कुरळी निघते, प्रत्येक टाक्याचं वळण तिच्यात असतं. तशीच विणली तर वीण ओबडधोबड येते. म्हणून ती खुर्चीच्या पाठीवर गुंडाळत गेले, लडी केली, चार ठिकाणी सैल बांधली आणि कोमट पाण्यात बुडवून ठेवली. लोकरीच्या तंतूंमधले काही बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना नव्या आकारात पुन्हा बसतात, म्हणून कुरळेपणा जातो. चोळायचं मात्र नाही. गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकून सगळ्याचा नमदा होतो. लडी टॉवेलमध्ये दाबून दांडीवर टाकली. रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा मुद्दाम जाऊन हात लावून बघितला.

शनिवार

चौकोन विणला. होय, विणला. नुसती सुलट-उलट वीण कडेला गुंडाळी करते, म्हणून चारी बाजूंनी चार-चार टाके, चार-चार सुया सुलटच. धुतला, वाळवला, मग मोजला. ४ मिलिमीटरच्या सुयांवर २० टाके. नमुन्याला २२ हवेत. साडेतीनवर दुसरा चौकोन केला, बरोबर २२ आले. पण ते कापड हातात घेतलं तर पुठ्ठा. पहिलं कापड मऊ, अंगावर पडणारं, घ्यावंसं वाटणारं.

अर्धा तास दोन्ही चौकोन गालाला लावून बघत होते. आजवर मी दर वेळी नमुन्याच्या आकड्याला आपला हात जुळवायला गेले. घट्ट विण, सुई बदल, लोकर बदल. माझ्या हाताला २० टाके पडतात तर २० च्या हिशेबाने का विणू नये? मला १०० सेंटिमीटर घेर हवा, म्हणजे २०० टाके. संपलं. नमुना मिटून ठेवला.

बाकीच्यासाठी एलिझाबेथ झिमरमन बाईंची टक्केवारी घेतली. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत राहिलेल्या या बाईंनी स्वेटरचं गणित एका आकड्यात बसवून दिलं. छातीचे टाके म्हणजे १००. मनगट त्याच्या २० टक्के, दंड साधारण तेहतीस, गळा ४०. माझ्या २०० चे मनगटाला ४०, दंडाला ६६, गळ्याला ८०. एवढं एका चिठ्ठीवर मावलं, आणि त्या चिठ्ठीवर कुणाच्याही मापाचा स्वेटर होईल. आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “अगं, आम्ही वितीने मोजायचो, तेच की हे.” असेलही.

शिवण नको म्हणून मधे वायर असलेली गोल सुई घेतली. गोल विणलं की उलट सुई विणावीच लागत नाही, सगळं सुलट. २०० टाके घातले, दर २० ला एक दोऱ्याची खूण. दोन टोकं जोडली. पहिली फेरी, दुसरी, तिसरी.

शनिवार, रात्री साडेदहा

जोडताना टाक्यांच्या कडेला एक पीळ पडला होता. सगळ्या टाक्यांची कड आतल्या बाजूला एका रांगेत आहे का ते जोडण्याआधी बघायचं असतं. मी दिवा न लावता जोडलं. पहिल्याच फेरीला लक्षात आलं असतं तर सांध्यापाशी सुईवरच पीळ फिरवून लपवता आला असता. तीन फेऱ्यांनंतर ते जमत नाही. विणत गेले तर गळ्यापर्यंत तो पीळ तसाच येईल.

तीन फेऱ्या म्हणजे सहाशे टाके. सुई काढून घेतली, टोक धरलं. ओढता ओढता भाच्याची झालर समोर टीव्हीवर ठेवलेली दिसली, तीन रंगांच्या रेघांसकट. आठ मिनिटांत गुंडा परत पहिल्याइतका झाला. या वेळेला लोकर कुरळीही झाली नव्हती.

दिवा लावला आणि पुन्हा टाके घालायला घेतले. एकशे साठपर्यंत आलेय.