शेरा वाचतं कोण?

अभियांत्रिकीच्या मुलांना मी अहवाल, पत्रं, ईमेल, प्रकल्पाचे प्रस्ताव लिहायला शिकवते. त्यांच्या लिखाणावर आम्ही शिक्षक जे शेरे मारतो त्यांचं पुढे काय होतं, हा माझ्या संशोधनाचा विषय. त्यामुळे एक प्रश्न मला स्टाफरूममध्ये येतो, घरी येतो, लग्नकार्यातही येतो: "मॅडम, एवढं लिहीत बसता, पण मुलं ते वाचतात का?" तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बहुतेक वेळा वाचत नाहीत. पहिली काही वर्षं अहवाल परत देताना मी वर्गात बघत उभी राहायचे. मुलगा पानं उलटून मार्क बघतो, शेजारच्याचे बघतो, अहवाल बॅगेत जातो. रात्री जागून समासात लिहिलेलं जिथल्या तिथे. मला वाईट वाटायचं आणि मी मुलांना दोष द्यायचे. आता देत नाही. मार्क पडल्यावर त्या अहवालाचं करायचं काही उरलेलंच नसतं. माझा शेरा म्हणजे वरातीमागून घोडं.

माझे वडील कचेरीत लिपिक होते. त्यांच्या तोंडी 'शेरा' हा शब्द रोज असायचा, पण त्याचा अर्थ वेगळा होता. फायलीवर साहेबांचा शेरा यायचा, 'चर्चा करावी', 'तपासून फेरसादर करावे', आणि फाइल हलायची. कोणीतरी कागद काढायचं, आकडे पडताळायचं, नवी टिप्पणी लिहायचं. शाळेतला शेरा मात्र फाइल बंद करतो. 'ठीक', 'अक्षर सुधारा', 'अधिक अभ्यास हवा'. त्यावर कोणी काय करायचं? एकाच शब्दाचे हे दोन जन्म माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली, आणि लक्षात आल्यावर माझं शिकवणं बदललं.

अभ्यासकांनी हे वेगळ्या वाटेने दाखवलं आहे. १९८८ साली रूथ बटलर यांनी इस्राएलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांचे तीन गट केले. एकाला फक्त गुण, एकाला फक्त शेरे, एकाला दोन्ही. ज्यांना फक्त शेरे मिळाले त्यांची कामगिरी सुधारली आणि गोडीही टिकली. दोन्ही मिळालेल्यांची गत साधारण नुसत्या गुणवाल्यांसारखीच झाली. गुण दिसला की शेरा दिसेनासा होतो. पुढे १९९६ मध्ये क्लूगर आणि डिनिसी या दोन संशोधकांनी आधीच्या अभ्यासांतले ६०७ निष्कर्ष एकत्र मांडले. अभिप्रायाने सरासरी फायदा होतो, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा कामगिरी उलट खालावलेली त्यांना आढळली. लक्ष कामावरून उठून 'मी कसा आहे' यावर गेलं की अभिप्रायाचा असर कमी होतो, असं त्यांचं म्हणणं. ताशेरे खाल्लेल्या कोणालाही हे पटेल.

पण मला खरं शिकवलं ते एका सिव्हिलच्या मुलाने. त्याच्या अहवालात इंग्रजीत एक वाक्य होतं, त्याचा अर्थ असा: 'काँक्रीटच्या क्यूबची चाचणी घेण्यात आली व सरासरी सामर्थ्य २३ आढळले, जे समाधानकारक आहे.' क्यूब म्हणजे साच्यात भरून केलेला काँक्रीटचा ठोकळा; तो दाबून फोडतात आणि काँक्रीट किती भार पेलतं ते बघतात. इथलं काँक्रीट एम-२० प्रतीचं, म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन पेलणारं. वाक्याला व्याकरणात नाव ठेवायला जागा नाही. पूर्वी मी त्यावर 'अस्पष्ट' असं लिहून पुढे गेले असते. त्या दिवशी लिहिलं: 'किती क्यूब? प्रत्येकाचा आकडा काय? समाधानकारक कोणाच्या हिशेबाने?'

तो कागद घेऊन माझ्याकडे आला. मी म्हटलं, "इंग्रजी बाजूला ठेव. काय झालं ते मला मराठीत सांग." आणि तो घडाघडा बोलायला लागला. "मॅडम, तीन क्यूब होते. दोन २६ आणि २५ ला फुटले, तिसरा १८ लाच गेला. तो भरताना नीट ठोकला नव्हता, पोकळ राहिला असणार. सरासरी काढली तर २३ येते, म्हणून तेवढंच लिहिलं." बोलता बोलता तोच थांबला. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे कुठल्याही एका क्यूबचा आकडा सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त दूर गेला तर तिन्ही क्यूबचा अख्खा नमुनाच बाद. १८ हा आकडा २३ पासून जवळजवळ २२ टक्के खाली. म्हणजे 'समाधानकारक' म्हणायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. मी सिव्हिलची नाही; हे सगळं त्याने मला सांगितलं. मी फक्त वाचणाऱ्याच्या जागेवरून विचारलं होतं.

तोंडी मराठीत आकडा, कारण, शंका सगळं असतं. कागदावर येता येता ते 'आढळले', 'करण्यात आले' यांच्या आड जातं. मुलांना लिहिता येत नाही असं आपण सरसकट म्हणतो, ते मला आता मान्य नाही. त्यांना समोर वाचणारा दिसत नाही.

म्हणून हल्ली मी पहिल्या खर्ड्यावर मार्क देतच नाही. जास्तीत जास्त तीन प्रश्न लिहिते, ते शेवटपर्यंत प्रश्नच राहतील याची काळजी घेते. व्याकरणाच्या चुका दुरुस्त करून देत नाही. ज्या ओळीत चूक आहे तिच्या समासात नुसती खूण करते. अमेरिकेतले लेखनाचे प्राध्यापक रिचर्ड हॅस्वेल यांनी १९८३ मध्ये ही रीत मांडली होती. त्यांच्या वर्गात निम्म्याहून जास्त चुका मुलांनी नुसत्या खुणेवरून स्वतःच काढल्या, आणि माझ्या वर्गातही मुलं पुष्कळ काढतात. दुसऱ्या खर्ड्यासोबत मुलांनी एक पान जोडायचं: कुठल्या शेऱ्यावर काय बदललं, काय बदललं नाही, का नाही. मार्क त्यानंतर.

वेळ लागतो, हे खरं. साठ मुलांचा वर्ग, प्रत्येकाला पंधरा मिनिटं धरली तरी पंधरा तास, आणि खर्डे दोन. सेमिस्टरचं वेळापत्रक हे तास कुठेच मोजत नाही. चार वर्ग सांभाळणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना मी 'असंच करा' म्हणू शकत नाही. म्हणते ते इतकंच, की शेरे कमी लिहा, पण मार्कांच्या आधी लिहा.

त्या मुलाच्या जोडपानावर तीन नोंदी होत्या. पहिली: तिन्ही आकडे दिले, नमुना बाद ठरवला, नवे क्यूब भरले आहेत. दुसरी: 'समाधानकारक' काढलं. तिसऱ्या ठिकाणी मी विचारलं होतं की क्युरिंगचा, म्हणजे काँक्रीट पाण्यात ठेवून मुरवण्याचा, लांबलचक परिच्छेद कशाला, गाळता येईल का. तिथे त्याने लिहिलं होतं: गाळलेला नाही. हा अहवाल साइटवरचा सुपरवायझर वाचणार. क्यूब साच्यातून कधी काढले आणि किती दिवस पाण्यात ठेवले, हेच तो आधी शोधेल.

मी तो परिच्छेद सुपरवायझर म्हणून पुन्हा वाचला. मुलाचं बरोबर होतं. परिच्छेद तसाच राहिला.