सिरियल मॉनिटरवर कचरा येतोय? चांगलं आहे की!

मायक्रोकंट्रोलर (आर्डुइनोसारख्या बोर्डवरची छोटी प्रोग्राम चालवणारी चिप) कॉम्प्युटरला जोडला आणि सिरियल मॉनिटरमध्ये, म्हणजे त्याचं बोलणं दाखवणाऱ्या खिडकीत, नीट बोलत नाही म्हटलं की तीनपैकी एक भानगड असते, एकतर पोर्टच दिसत नाही, नाहीतर पोर्ट उघडतो पण सगळी शांतता, नाहीतर मग चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं असला कचरा यायला लागतो. लोक कचऱ्याला घाबरतात, मला उलट कचरा बघून हायसं वाटतं. काहीतरी पोचतंय ना, मग वायर आहे, बोर्ड जिवंत आहे, फक्त वेळेचं गणित जमत नाहीये. शांतता जास्त छळते.

पोर्ट न दिसणं सगळ्यात सोपं. आधी केबल बदला, कारण बऱ्याच केबल्स नुसत्या चार्जिंगच्या असतात, आत डेटाच्या वायरीच नसतात, बोर्डवरचा लाइट मात्र झक्क लागतो आणि आपण ड्रायव्हर शोधत बसतो. उबुंटूसारख्या लिनक्सवर पोर्ट दिसतो पण परमिशन नाही म्हणतो, तर स्वतःला डायलआउट ग्रुपमध्ये (सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या) टाका आणि लॉगआउट करून परत या. उबुंटू २२.०४ वर सीएच३४० ही यूएसबी-सिरियल चिप असलेला बोर्ड लावला की पोर्ट येतो आणि लगेच गायब होतो, हा वेगळाच ताप, तिथे ब्रेल डिस्प्लेसाठीचं बीआरएलटीटीवाय नावाचं पॅकेज त्या चिपला आपलंच डिव्हाइस समजून ताबा घेतं, ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तर काढून टाका.

आता शांतता. इथे बोर्ड, कोड, ड्रायव्हर सगळं एकदम बदलत सुटू नका, नंतर कशाने चाललं तेच कळत नाही. यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर वेगळा असेल तर बोर्ड काढून ठेवा, कन्व्हर्टरचा टीएक्स (पाठवणारी पिन) आणि आरएक्स (घेणारी पिन) एका जंपर वायरने एकमेकांना जोडा, टर्मिनलमध्ये लोकल एको (टाइप केलेलं टर्मिनलनेच दाखवणं) आणि हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद करा आणि काहीतरी टाइप करा. तीच अक्षरं परत आली की कॉम्प्युटरपासून कन्व्हर्टरपर्यंत सगळं ठीक, दोष पलीकडे. (बॉड रेटची, म्हणजे सेकंदाला किती बिट या वेगाची, चूक मात्र यात कधीच सापडत नाही हां, पाठवणारा आणि घेणारा एकच असतो ना.) मग एकाचा टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला जोडलाय का आणि ग्राउंड जोडलाय का ते बघा. मॉड्यूलवरच्या छापील नावांवर माझा फारसा भरवसा नाही, मी सरळ मल्टिमीटर लावते, काही पाठवत नसताना टीएक्सची पिन हाय असते, म्हणजे ३.३ किंवा ५ व्होल्ट दिसले पाहिजेत. ५ दिसले आणि समोरची चिप ३.३ ची असली तर लेव्हल शिफ्टर (व्होल्टेज जुळवणारं सर्किट) लावा, नुसतं ‘चालतंय की’ म्हणून सोडू नका.

आणि आता कचरा, यात खरी मजा आहे. यूएआरटीमध्ये, म्हणजे या सिरियल बोलण्याच्या पद्धतीत, क्लॉकची वेगळी वायर नसते, घेणारा स्टार्ट बिट (अक्षर सुरू झाल्याची खूण) पडला की स्वतःचं घड्याळ चालू करतो आणि प्रत्येक बिटच्या साधारण मध्यावर डोकावतो. ९६०० ला एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंदांचा. घड्याळं थोडी जरी वेगळी असली तरी चूक साठत जाते, स्टॉप बिटच्या मध्यापर्यंत साडेनऊ बिट होतात आणि तोवर अर्धा बिट घसरला की खेळ खलास, म्हणजे दोन्हीकडची चूक मिळून जेमतेम ५ टक्के खपते, खरं तर २ च्या आत ठेवलेली बरी. १६ मेगाहर्ट्झच्या एटीमेगा३२८पी वर (आर्डुइनो उनोवरची चिप) ९६०० ला चूक फक्त ०.२ टक्के येते, पण ११५२०० ला साध्या मोडमध्ये साडेतीन टक्के आणि डबल स्पीडमध्ये २.१, त्यामुळे ‘९६०० ला चालतं, ११५२०० ला कधीकधी चालतं’ यात जादूटोणा काही नाही. हीच चिप कोरी आणली तर ८ मेगाहर्ट्झचा आतला ऑसिलेटर, त्याला फ्यूजने (चिपमधल्या सेटिंगने) ८ ने भागलेलं, म्हणजे १ मेगाहर्ट्झवर चालते, आणि कोडमध्ये ८ मेगाहर्ट्झ लिहिलं असेल तर तुमचे ९६०० प्रत्यक्षात १२०० होतात. मॉनिटर १२०० वर ठेवून बघा, मजकूर चक्क वाचता येईल. ऑसिलोस्कोप असेल तर कॅपिटल यू सलग पाठवत राहा, त्याचे बिट आलटून पालटून ०-१ असल्याने सरळ चौकोनी लाट मिळते, ९६०० ला ती ४८०० हर्ट्झची हवी.

ईएसपी८२६६ ही वायफायवाली चिप सुरू होताना पहिल्या काही ओळी कचरा आणि मग सगळं स्वच्छ, हे बिघाडच नाही, त्याचा बूट मेसेज ७४८८० वर येतो. आणि बॉड रेट कितीही फिरवला तरी कचराच, तर समोर आरएस-२३२ (जुन्या पद्धतीचा सिरियल पोर्ट) नाही ना ते बघा, तिथे सिग्नल उलटा असतो आणि व्होल्टेज १५ पर्यंत जाऊ शकतं, मध्ये मॅक्स२३२ सारखी सिग्नल जुळवणारी चिप हवीच, नाहीतर पिन जळेल.

एक प्रकार मात्र या तिन्हीत बसत नाही. आर्डुइनो उनो मॉनिटरमध्ये व्यवस्थित उत्तर देतो पण पायथनच्या स्क्रिप्टला पहिली कमांड कळतच नाही. पोर्ट उघडला की डीटीआर नावाची सिग्नलची लाइन खाली जाते, बोर्ड रिसेट होतो, आणि तुम्ही घाईघाईने पाठवलेली कमांड बूटलोडरच्या (रिसेटनंतर आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या) घशात जाते. लोक पोर्ट उघडल्यावर दोन सेकंद स्लीप टाकतात, चालतं तेही, पण मला बोर्डाकडूनच सुरुवातीला ‘रेडी’ अशी ओळ पाठवणं जास्त पटतं, ती आली की मगच स्क्रिप्टने तोंड उघडायचं. फक्त त्या ओळीच्या शेवटी न्यूलाइन टाका, नाहीतर पायथनमधलं ओळ वाचणारं रीडलाइन तिची वाट बघत बसेल आणि टाइमआउट दिला नसेल तर स्क्रिप्ट तिथेच अडकेल.