एक बाथरूम, दोन परमिटं

सिंगापूरच्या सरकारी फ्लॅटांमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या बाथरूममध्ये धरायच्या दांड्या बसवायच्या, हे आमच्या कंपनीचं काम. 2012 पासून त्यासाठी सरकारी योजना आहे, घरमालकाला खर्चाचा थोडासाच वाटा द्यावा लागतो. मी साइट सुपरवायझर. लोकांना वाटतं, चार स्क्रू पिळले की झालं. आधी बोटांनी टाइल वाजवायची. पोकळ वाजली तर मागे माल नाही, ड्रिल टेकवलं की तडा. भिंत काँक्रीटची असेल तर फास्टनर वेगळा, पोकळ ब्लॉकची असेल तर वेगळा. आणि उंची! आमच्यातले बरेच जण ड्रॉइंग बघून टेप लावतात आणि मोकळे होतात. मी आजींना कमोडवर बसवतो, उठायला सांगतो, आणि हात आपसूक जाईल तिथे पेन्सिलने खूण करतो. वेळ जातो, ऑफिसातून फोन येतात. येऊ देत.

तोआ पायो वस्तीतल्या ह्या आंटी 78 वर्षांच्या, एकट्या. मुलगा मेलबर्नला, मुलीने लग्न केलं नाही. नातवंड एकही नाही. ड्रिल थांबलं तेव्हा त्यांनी आमच्या बांगलादेशी कामगाराला विचारलं, पोरं किती? त्याने धुळीचा हात पँटला पुसून फोनवर मुलगी दाखवली. आंटी फोन परत देईनात.

मग स्वतःचं सांगायला लागल्या. 1972 साली 'दोन पुरे'ची मोहीम निघाली. तिसऱ्या बाळंतपणाला हॉस्पिटलचं बिल जास्त, पगारी रजा नाही. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा त्या जाऊन गर्भ पाडून आल्या. 1987 मध्ये सरकार म्हणालं, परवडत असेल तर तीन किंवा जास्त होऊ द्या. "तेव्हा मी चाळिशीची!" म्हणून मोठ्याने हसल्या. 2023 मध्ये इथला जननदर 0.97 वर आला, म्हणजे बाईमागे सरासरी एक मूलही नाही. बेबी बोनसचे पैसे 2001 पासून वाटताहेत, पण पैशाने पाळणा हलत नाही हे कुठल्याही सासूने फुकट सांगितलं असतं. तरी देशाची लोकसंख्या 60 लाखांच्या वर आहे, कारण त्यात बाहेरून कामाला आलेले आम्हीही मोजले जातो.

"मग पोरीला इकडे आण की," आंटी त्याला म्हणाल्या. तो नुसता हसला. वर्क परमिटवाल्याला, म्हणजे मजुरीच्या परवान्यावर आलेल्याला, कुटुंब आणता येत नाही. माझा परवाना वेगळा, कुटुंब आणायला लागतो तेवढा पगार आहे, म्हणून माझा मुलगा इथल्या शाळेत जातो. आंटींनी माझ्याकडे बघितलं. "कंपनी एकच ना?" मी हो म्हटलं.

बेट केवढं, सगळ्यांना घरं कुठून आणायची, हा मुद्दा मला पटतो. पण म्हणजे इथल्या म्हाताऱ्यांसाठी भिंती भोसकायला तरुण माणसं कायम बाहेरून आणायची आणि ती इथे म्हातारी होऊ द्यायची नाहीत. हे काही केल्या पचत नाही.

लॉरीत मी त्याला हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, "दादा, मला कुठे राहायचंय इथे? गावात घर बांधतोय. आईसाठी दोन दांड्या कंपनीकडून स्वस्तात मिळतील का?"

स्टोअरवाल्याला विचारलंय. बिल कोणाच्या नावाने करायचं, ह्यावर सध्या अडलंय.